जिताडा आणि रावस : नराची मादी होणारे दोन मासे

पाच-सहा किलोचा जिताडा मासळीबाजारात फळीवर येतो, तेव्हा ती बहुतेक वेळा मादी असते. आणि तीच मादी काही वर्षांपूर्वी नर होती. रावसाचीही हीच रीत. कोकणच्या खाड्यांमधले हे दोन मासे गरी टाकणाऱ्याचा सारखाच कस पाहतात, सुगरणींना सारखेच आवडतात आणि दोघेही तरुणपणी नर, तर थोराडपणी मादी असतात. एरवी मात्र दोघांचे कूळ वेगळे, बांधा वेगळा, शिकारीची तऱ्हा वेगळी आणि तव्यावरची वागणूकही वेगळी.

नांदेड-लातूरकडच्या वाचकाला हे मासे लांबचे वाटतील. आपल्याकडे गळाला लागतात मरळ आणि वाम, बाजारात मिळतात कटला आणि रोहू. अरबी समुद्र शेकडो किलोमीटर पलीकडे आहे. पण या दोन्ही जिल्ह्यांचे पाणी अरबी समुद्राला जातच नाही. लातूरजवळून वाहणारी मांजरा पुढे कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते, नांदेडच्या घाटांना लागून गोदावरी पूर्वेकडे जाते आणि त्र्यंबकेश्वरपासून १,४६५ किलोमीटरचा प्रवास संपवून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात शिरते. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीत, जिताडा आहे; त्या किनाऱ्यावर रावसही आहे. म्हणजे आपल्या नदीच्या दुसऱ्या टोकाला हेच दोन मासे राहतात, आणि तिथे त्यांची पिल्ले किती जगणार हे नदीतून किती पाणी पोचते यावर बऱ्याच अंशी ठरते. या दोन माशांची ओळख मराठवाड्याने करून घ्यावी, ती यासाठी.

कूळ आणि नाव

जिताड्याचे शास्त्रीय नाव लॅटिस कॅल्केरिफर. जर्मन वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लॉख यांनी १७९० मध्ये त्याचे वर्णन केले. इराणच्या आखातापासून भारत, आग्नेय आशिया आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो पसरलेला आहे. ऑस्ट्रेलियात त्याला बारामुंडी म्हणतात, बंगालमध्ये भेटकी. त्याचे भाऊबंदही नामांकित आहेत. नाइल पर्च हा त्याचा आफ्रिकी चुलतभाऊ. विसाव्या शतकाच्या मध्यात तो व्हिक्टोरिया सरोवरात सोडला गेला आणि तिथल्या शेकडो देशी जातींच्या छोट्या माशांवर संक्रांत आली. श्रीलंका आणि म्यानमारमधल्या दोन जातींना तर २०१२ मध्ये स्वतंत्र ओळख मिळाली. तोवर त्यांनाही सरसकट जिताडाच समजले जात होते.

रावसाचे नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम. त्याच्या शास्त्रीय ओळखीची सुरुवात गोदावरीच्या मुखापासून फार दूर नसलेल्या विशाखापट्टणमला झाली. तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले वैद्य पॅट्रिक रसेल यांनी किनाऱ्यावरच्या दोनशे माशांची चित्रे आणि वर्णने १८०३ मध्ये लंडनला छापली. त्यातल्या एका माशाचे त्यांनी दिलेले तेलुगू नाव ‘मगा-जेली’ असे होते. त्या आधारावर इंग्लंडच्या जॉर्ज शॉ यांनी १८०४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. हाच आपला रावस. इंग्रजी मेनूकार्डांवर तो ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिरवतो, पण थंड समुद्रातल्या सॅमनशी त्याचे काहीही नाते नाही.

दोन देह, दोन धंदे

दोन्ही मासे शेजारी ठेवून पाहावेत. जिताड्याची पाठ कमानीसारखी वर उचललेली, कपाळ खोलगट, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड डोळ्याच्याही मागे फाटलेले. खवले जाड आणि दणकट. कल्ल्याच्या झाकणाला काटा आणि दातेरी कड. बेसावधपणे धरले तर बोट चिरते. शेपूट गोलाकार, पंख्यासारखी रुंद. अंगाच्या कडेने जाणारी पार्श्वरेषा कल्ल्यापासून निघते आणि शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत पोचते. पाण्यातली बारीकशी थरथर टिपणारे हे त्याचे ज्ञानेंद्रिय. रात्री टॉर्चचा उजेड पडला की डोळे तांबूस-सोनेरी चमकतात, कारण डोळ्याच्या दृष्टिपटलामागचा थर प्रकाश परत फेकतो आणि अंधुक पाण्यातही त्याला दिसते.

रावसाचा देह लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आणि चांदीच्या रंगाचा. नाक बोथट आणि पुढे आलेले, तोंड त्याच्या खाली. डोळ्यावर चरबीचा पारदर्शक पडदा. पाठीवरचे दोन पंख एकमेकांपासून बरेच दूर. शेपूट खोलवर दुभंगलेली. पण त्याची खरी खूण छातीच्या पंखाखाली आहे. तिथे पंखापासून सुट्या झालेल्या चार बारीक दोऱ्या लोंबत असतात. मासा पोहत असताना त्या अंगाला चिकटून राहतात. चिखलाच्या तळाशी आला की तो त्या पसरतो आणि गढूळ पाण्यात, काळोखात भिंत चाचपत चालणाऱ्या माणसासारखा तळ चाचपतो. कोळंबी कुठे दबा धरून बसली आहे हे त्याला डोळ्यांआधी या दोऱ्या सांगतात. जिथे पाणी इतके गढूळ असते की वीतभर पलीकडचे दिसत नाही, तिथे रावस सुखाने पोट भरतो तो या चार दोऱ्यांच्या बळावर.

शेपटीच्या आकारात दोघांच्या सगळ्या जीवनाचा आराखडा आहे. गोल, रुंद शेपटीचा एक फटका माशाला क्षणात पुढे फेकतो, पण ती लांबच्या पल्ल्याला दमवते. दुभंगलेली शेपूट पाणी कमी अडवते आणि तासन्‌तास पोहू देते. म्हणून जिताडा दबा धरणारा शिकारी झाला. खारफुटीची मुळे, जेट्टीचे खांब, पाण्यात पडलेले झाड यांच्या सावलीत तो जवळजवळ निश्चल उभा राहतो. बोय किंवा कोळंबी टप्प्यात आली की तो तोंड एकदम उघडतो. तोंडाच्या पोकळीत पाणी ओढले जाते आणि त्याबरोबर भक्ष्यही. पाण्याच्या पृष्ठभागावर हे घडले तर ‘भुप्’ असा घुमणारा आवाज येतो आणि रात्री तो बराच लांब ऐकू जातो.

रावस मात्र फिरस्ता. उथळ, गढूळ, वाळू-चिखलाच्या किनाऱ्यावर तो भरतीबरोबर आत येतो, फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात छोट्या थव्यांनी फिरतो आणि लाटांनी उसळून आलेली कोळंबी व लहान मासे टिपत ओहोटीबरोबर मागे जातो. त्याच्या स्नायूंमध्ये सतत पोहण्याला लागणारा लालसर पट्टा स्पष्ट दिसतो. जिताड्याच्या मांसात पांढरा, क्षणिक झेपेचा स्नायू जास्त. हा फरक पुढे ताटापर्यंत पोचतो.

गरीवरची झुंज

कोकणात गरवायला जाणाऱ्या माणसाला भरती-ओहोटीचे गणित पाठ असावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढते-उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंद असते. जिताड्यासाठी जाणकार माणूस ओहोटी लागण्याची वाट पाहतो. खारफुटीत शिरलेले पाणी परत निघाले की त्याबरोबर बारीक मासे आणि कोळंबी बाहेर येतात, आणि उपखाडीच्या तोंडाशी जिताडा उभा असतो. जिवंत कोळंबी किंवा बोय आमिषाला लावतात. हल्ली तरुण मंडळी लाकडी-प्लास्टिकचे नकली मासेही ओढतात.

गळ रुतला की जिताडा पहिल्यांदा आपल्या आडोशाकडे धाव घेतो. दोर एकदा खांबाला किंवा मुळीला घासला की खेळ संपला. ते जमले नाही तर तो पाण्याबाहेर झेप घेतो, हवेत तोंड उघडून डोके झटकतो आणि गळ फेकून देऊ पाहतो. त्यातच कल्ल्याच्या दातेरी कडेने दोर कापला जाण्याची भीती. म्हणून गळाच्या वर हात-दीड हात जाड दोरीचा तुकडा बांधतात. त्याची झुंज थोडा वेळ चालते, पण ती फार तीव्र असते.

रावसाची झुंज मोकळ्या पाण्यातली. तो आडोसा शोधत नाही, सरळ समुद्राकडे पळतो. पहिल्या धावेत रिळावरचा दोर भराभरा सुटतो, मग वळण, मग दुसरी धाव. थांबला असे वाटत असताना तो पुन्हा उसळतो. त्याला वाळूच्या पुळणीवरून, लाटांच्या फेसाजवळ, गढूळ पाण्यात आमिष टाकून पकडतात. जिताड्यासाठी जागा ओळखावी लागते, रावसासाठी वेळ. कारण जिताडा ठिकाण धरून राहतो आणि रावसाचा थवा येतो नि जातो.

आपल्याकडच्या मरळीची आठवण इथे उपयोगी पडेल. मरळही दबा धरते, आडोसा पकडते. पण मरळीची जोडी घरटे राखते, पिल्लांचा तांबूस थवा बरोबर घेऊन फिरते आणि कुणी जवळ आले तर अंगावर धावून जाते. जिताडा आणि रावस यांच्यात असे पालकत्व नाही. त्यांनी वेगळा मार्ग निवडला : अमाप अंडी घालायची आणि ती समुद्राच्या हवाली करायची. त्या मार्गाला देहच बदलण्याची युक्ती जोडलेली आहे.

नराची मादी

जिताडा साधारण तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो. एक-दोन किंवा अधिक विणीच्या हंगामांत तो नराचे काम करतो. पुढे, बहुधा सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास, शेवटच्या विणीनंतर त्याच्या शरीरातली वृषणाची ऊती विरघळू लागते आणि त्याच जागी अंडाशयाची ऊती वाढते. काही आठवड्यांत बदल पुरा होतो आणि पुढच्या हंगामात तोच मासा अंडी घालतो. भारत-थायलंडकडचे मासे साधारण चार ते सहा किलोच्या टप्प्यात मादी होतात. थोडे मासे या नियमाला अपवाद असतात, पण मोठ्या जिताड्यांत माद्यांचेच प्राबल्य असते.

रावसात हाच बदल लवकर होतो, कारण त्याचे आयुष्यच आखूड आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षात तो नर असतो आणि त्यानंतर हातभर लांबीचा होता होता मादी बनतो. मधल्या काळात काही माशांच्या जननेंद्रियात दोन्ही प्रकारच्या ऊती एकत्र सापडतात.

निसर्गाने असे का केले असावे? अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मायकेल गिसेलिन यांनी १९६९ मध्ये याचे उत्तर मांडले. शुक्राणू इतके सूक्ष्म असतात की लहान नरही ते कोट्यवधींनी तयार करू शकतो. अंडी मात्र मोठी, अन्नसाठ्याने भरलेली. ती किती मावतील हे पोटाच्या आकारावर ठरते. म्हणजे लहान असताना नर असणे फायद्याचे आणि मोठे झाल्यावर मादी असणे फायद्याचे. मोठी जिताडा मादी एका हंगामात कित्येक दशलक्ष अंडी सोडते. जिथे मोठा नर आपल्या जागेची राखण करून इतर नरांना हुसकावतो, तिथे हिशेब उलटतो : आपल्याकडे हेकरू म्हणून ओळखले जाणारे खडकाळ पाण्यातले मासे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात.

जिताड्याची वीण नदीच्या मुखाजवळ, पुरेशा खाऱ्या पाण्यात होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, रात्र पडल्यावर, भरती सुरू होत असताना मादी अंडी सोडते. त्यामुळे चढते पाणी ती अंडी खाडीच्या आत, खारफुटीकडे वाहून नेते. अठरा तासांच्या आत अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात. म्हणजे ज्या उधाणाच्या रात्री गरी टाकणारा मोठ्या माशाची आशा धरतो, त्याच रात्री मोठी मादी पुढची पिढी सोडायला आलेली असते.

गोड्या पाण्याची वाट

इथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. रावस खाडीच्या तोंडाशी वाढतो, लहानपणी मचूळ पाण्यात शिरतो, थंडीच्या दिवसांत नदीच्या खालच्या भागातही येतो. पण तो मुळात किनाऱ्याचाच. जिताड्याची पिल्ले मात्र पावसाळ्यात खारफुटीतल्या डबक्यांमधून नदीत चढतात, गोड्या पाण्यात मोठी होतात आणि नर म्हणून वयात आल्यावर विणीसाठी समुद्राकडे उतरतात. ऑस्ट्रेलियातल्या मोकळ्या नद्यांमध्ये ती मुखापासून खूप आत सापडतात.

क्वीन्सलँडमधल्या फिट्झरॉय नदीवर संशोधकांनी जिताड्यांच्या कानातल्या खड्यांवरची वर्षवलये मोजली आणि प्रत्येक मासा कोणत्या साली जन्मला ते काढले. ज्या वर्षी नदीने समुद्राला भरपूर गोडे पाणी दिले, त्या वर्षी जन्मलेल्या माशांची संख्या जास्त निघाली. पूर आला की खाडीकाठची दलदल भरते, पिल्लांना लपायला जागा मिळते, खायला बारीक जीव मिळतात. नदी आटली की ही बालवाडीच बंद.

गोदावरीवर ही वाट फार पूर्वी अडली. सर आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला. त्या बंधाऱ्याने गोदावरीचा त्रिभुज प्रदेश दुष्काळमुक्त केला, तिथल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या जगवल्या. आणि समुद्रातून वर चढणाऱ्या माशांना मात्र तिथेच थांबवले. त्यानंतर वरच्या अंगाला श्रीरामसागर, बाभळी, नांदेडचे विष्णुपुरी, पैठणचे जायकवाडी असे बांध उभे राहिले. मराठवाड्यासारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशाला या पाण्याची किती गरज आहे हे कुणी सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या वर्षी माणसाला प्यायला पाणी नसते, त्या वर्षी समुद्रापर्यंत जाईल असे पाणी मांजरेत कुठून असणार?

पण चांगल्या पावसाच्या वर्षी प्रश्न वेगळा असतो. तेव्हा धरणांचे दरवाजे उघडतात, पाणी पुढे जाते आणि नदीबरोबर थोडा गाळही पुढे सरकतो. त्रिभुज प्रदेशात पोचणारा गाळ धरणांमुळे आधीच खूप घटला आहे, आणि ज्या चिखलावर खारफुटी उगवते, ज्या चिखलात रावस कोळंबी शोधतो, तो या गाळाचाच बनलेला आहे. बालाघाटाच्या काळ्या मातीचा अंश त्यात असतो. शहरांचे सांडपाणीही याच वाटेने जाते. नांदेडच्या घाटाशी नदी स्वच्छ ठेवण्याची कळकळ आपण बाळगतो, ती खालच्या शेकडो किलोमीटरच्या प्रदेशासाठीही असली पाहिजे.

खारेपाटातले तळे, मराठवाड्यातले शेततळे

रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग, पेण, उरण या तालुक्यांच्या खारेपाटात जिताड्याशी माणसाचे नाते घरगुती आहे. खाडीला बांध घालून तिथे भातशेती काढलेली, बांधात पाणी सोडा-अडवायला उघाड्या बसवलेल्या. पावसाळ्यात भरतीबरोबर आत येणारी जिताड्याची पिल्ले आगरी शेतकरी हेरतात आणि घराशेजारच्या तळ्यात सोडतात. पावसाने तळे गोडे होते. जिताड्याला त्याचे काही वाटत नाही. तळ्यातली कोळंबी आणि बारीक मासे खाऊन तो वाढतो. वर्ष-दोन वर्षांनी पाहुणा यावा, जावई यावा, लग्नकार्य निघावे आणि तळ्यातून जिताडा काढावा, ही तिथली रीत. त्या भागात जिताड्याची भेट मोठ्या मानाची समजली जाते.

या घरगुती पद्धतीची अडचण एकच : पिल्ले निसर्गातून येतात. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, पण तिथे अंडी घालत नाही. म्हणून उबवणी केंद्रांची गरज पडली. थायलंडने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जिताड्याची बंदिस्त पैदास साधली. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने ती १९९७ मध्ये यशस्वी केली. लिंगबदलामुळे हे काम नाजूक आहे, कारण नर तरुण आणि मादी थोराड, अशा दोन पिढ्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. त्यात पिल्ले एकमेकांना खातात. स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठे भावंडही जिताड्याचे पोर गिळते. म्हणून आठवड्यातून अनेकदा आकारानुसार निवड करून त्यांना वेगळे करावे लागते. सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये बचत गटांनी पिंजऱ्यांत जिताडा वाढवण्याचे काम केले, तेही उबवणी केंद्रांतून आलेल्या बीजावर.

गोड्या पाण्यात वाढतो म्हटल्यावर मराठवाड्यातल्या शेततळ्याचा विचार मनात येणारच. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर आपल्याकडे तळी वाढली. इथे उत्साहाबरोबर सावधगिरी हवी. जिताडा मांसाहारी आहे. कोंडा-पेंडीवर पोसणाऱ्या रोहू-कटल्याचा हिशेब त्याला लागू पडत नाही, प्रथिनयुक्त महागडे खाद्य लागते. त्याच तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली असतील तर तो ती संपवतो. पाणी २० अंशांखाली गेले की त्याचे खाणे मंदावते, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्या उघड्या तळ्यांचे पाणी रात्री तितके गार होते. शिवाय उन्हाळ्यात तळे आटते, त्याआधी मासा विक्रीयोग्य व्हायला हवा. ज्याच्याकडे बारमाही पाणी, प्रमाणित बीज आणि बाजाराची खात्री आहे, त्यानेच मत्स्यव्यवसाय विभागाच्या सल्ल्याने हे पाऊल उचलावे. रावसाच्या बाबतीत तर आपल्याला समुद्रावरच अवलंबून राहावे लागते.

चुलीवर आणि ताटात

रोहू-कटला खाणाऱ्याला दोन्ही माशांचा पहिला सुखद धक्का म्हणजे काटे. रोहू-कटल्याच्या मांसात केसासारखे बारीक, दुभंगलेले काटे विखुरलेले असतात. जिताडा आणि रावस यांच्या मांसात ते नसतात. मधला कणा आणि बरगड्या काढल्या की लहान मुलाच्या ताटातही तुकडी निर्धास्त वाढता येते.

रावसाचे मांस गुलाबी झाक असलेले, घट्ट आणि चरबीने थोडे ओलसर. सतत पोहणाऱ्या देहाची ही देणगी. त्याच्या आडव्या, जाड तुकड्या करतात. हळद, तिखट, मीठ, आले-लसूण आणि कोकमाचे आगळ लावून अर्धा तास मुरवावे, तांदळाचे पीठ मिसळलेल्या रव्यात घोळवावे आणि तव्यावर मध्यम आचेवर दोन्हीकडून खरपूस करावे. तुकडी उलटताना मोडत नाही, म्हणून हॉटेलवाल्यांचा तंदूर रावसावर खूश असतो. मालवणी घरांत तो ओल्या नारळाच्या वाटणात, तिरफळे घालून रटरटतो.

जिताड्याचे मांस पांढरेशुभ्र, रसदार. शिजल्यावर त्याच्या मोठ्या पाकळ्या सुटतात. त्याचा खरा मान कालवणात आणि त्यातही डोक्याच्या कालवणात. आगरी घरांत लसूण ठेचून फोडणीला घालतात, घरचा मसाला परततात, चिंचेचा कोळ किंवा कैरीच्या फोडी टाकतात आणि रश्शाला उकळी आल्यावर मासा सोडतात. त्यानंतर पळी घालून ढवळायचे नाही. पातेले दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवायचे. डोक्यातला मऊ ऐवज रश्शात उतरला की त्याला वेगळीच दाट चव येते. बंगालमध्ये याच माशाच्या बिनकाट्याच्या तुकड्या मोहरीच्या वाटणात माखून केळीच्या पानात वाफवतात.

मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात दोन्ही मासे छान बसतात, फक्त वेळ सांभाळावी लागते. भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ आणि काळा मसाला यांचा रस्सा आधी पुरता शिजवून घ्यावा. रावस त्या तिखट रश्शात उभा राहतो. जिताड्यासाठी मसाला निम्मा करून चिंच थोडी वाढवावी, म्हणजे त्याची मूळ गोडी झाकली जात नाही. तुकड्या सात-आठ मिनिटांत शिजतात. वर ज्वारीची गरम भाकरी.

आपल्याकडे समुद्राचा मासा बर्फात येतो, म्हणून पारख हवी. शक्यतो अख्खा मासा पाहून घ्यावा. कल्ले लाल, डोळे फुगीर, अंग दाबले तर खळगा न राहणारे असावे. रावस असेल तर छातीच्या पंखाखाली चार दोऱ्या मोजाव्यात. जिताडा असेल तर पार्श्वरेषा शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली पाहावी. सोललेल्या, बिनकाट्याच्या पांढऱ्या पट्ट्या मात्र कुठल्याही माशाच्या असू शकतात. व्हिएतनाममधून येणारा तळ्यातला बासा बऱ्याचदा अशाच रूपात ताटात येतो.

मोठी मादी राखायची

या दोन माशांच्या लिंगबदलातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. फार लहान मासे पकडले, तर ते मादी होण्याआधीच संपतात. फार मोठे पकडले, तर थेट माद्याच संपतात. दोन्ही बाजूंनी घाव बसतो. लहान माशांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींचे किमान आकारमान ठरवले, ही मोलाची गोष्ट. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीनेही विणीच्या माशांना उसंत मिळते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडने याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. तिथे ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान जिताडा ठेवता येत नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही नाही. वरची मर्यादा आहे ती मोठ्या माद्यांसाठी.

अशी वरची मर्यादा आपल्या खाड्यांनाही हवी. कायदा येईपर्यंत हौशी गरीवाल्यांनी ती स्वतःहून पाळावी : मीटरभर लांबीचा जिताडा लागला तर हात ओले करून धरावा, गळ काढावा आणि त्याला पाण्यात परत सोडावे. खाणाऱ्यानेही दोन-तीन किलोचा तळ्यातला जिताडा मागावा, दहा किलोच्या खाडीतल्या मादीचा हट्ट धरू नये. आणि गोदावरी-मांजरेच्या काठी राहणाऱ्या आपण पाण्याचा हिशेब मांडताना शेवटची ओळ समुद्राच्या नावे ठेवावी : चांगल्या पावसाच्या वर्षी नदीला तिच्या मुखापर्यंत वाहू द्यावे, आणि ते पाणी सांडपाण्याने नासू देऊ नये. किनाऱ्यावर माद्या राखल्या आणि वर नदी वाहती ठेवली, तर हे दोन्ही मासे पुढच्या पिढ्यांच्या गरीला लागतील, ताटातही येतील.